सहा नंबरच्या खाटेवरचा पायजमा

पंचफुलाबाईच्या मते जगात वेडे लोक फार थोडे होते, आणि त्यातले बरेचसे तिच्याच वॉर्डात खाटांवर पडलेले होते. त्यांचा तिला कधी राग आला नाही. ते औषधानं बरे होत आणि घरी जात. ज्यांच्यावर अजून औषध निघालेलं नाही ते लोक गळ्यात ओळखपत्र अडकवून वॉर्डात फिरत, आणि त्यांना पाहिलं की बाई तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसायची.

बाई रिठदची. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढं लग्न. नवरा जानराव शिंपी-काम शिकलेला. वाशिमच्या एसटी स्टँडमागं टिनाच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली मशीन मांडून तो शाळेच्या पोरांचे गणवेश शिवायचा, अजूनही शिवतो. बाई चौदा वर्षांपूर्वी ठेकेदारामार्फत एका मोठ्या दवाखान्याच्या मानसिक विभागात मदतनीस म्हणून लागली. दवाखान्याचं नाव घेऊन त्याला मोठं करायचं काही कारण नाही. वीस खाटांचा पुरुषांचा वॉर्ड. रुग्णांना आंघोळ घालायची, चार घास भरवायचे, कपडे बदलायचे आणि कोणी बिथरला तर धरायचं, हे तिचं काम. सगळे तिला मावशी म्हणत. 'मावशी, धरा' एवढं ऐकलं की ती धरायची. पण धरताना ती माणसाशी बोलायची, 'काई नाई भाऊ, मी हाय अठी', आणि निम्मे लोक तेवढ्यानंच थंड व्हायचे. ही गोष्ट चौदा वर्षांत एकाही डॉक्टरनं कागदावर लिहिली नाही. तिला गोळीचं नाव नव्हतं ना.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात आदर्श सर आले. वय अठ्ठावीस, बूट चकचकीत, हातात नेहमी फळी आणि फळीला कागद. त्यांच्याकडे 'रुग्ण सुरक्षा' होती. आल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी वॉर्डाच्या दारावर एकतीस वस्तूंची यादी चिकटवली. या वस्तू रुग्णाजवळ दिसता कामा नयेत. काच, ब्लेड, पट्टा, दोरी, बुटांची लेस, मफलर, गळ्यातला ताईत, कमरेचा करदोडा. आणि बाराव्या क्रमांकावर पायजम्याची नाडी.

आता खरं सांगायचं तर नाडी काढण्यात काही चूक नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात एका दुःखी माणसानं नाडीनंच आपलं बरंवाईट करून घेतलं होतं. बाईनं असल्या एका जिवाला स्वतःच्या वॉर्डातही वेळेवर पाहिलं म्हणून वाचवलेलं होतं, तेव्हा ती भीती काय असते हे तिला कोणी फळीवरून वाचून दाखवायची गरज नव्हती. पण नाडी काढली तर त्या जागी काय लावायचं, हा प्रश्न एकतीस वस्तूंची यादी करणाऱ्या त्या सुपीक डोक्यात उगवलाच नाही. वर पुरवठादारानं पायजमे आणले ते सगळे एकाच मापाचे, आणि ते माप एखाद्या पैलवानाचं असावं. झालं. वीस माणसं, वीस पायजमे, आणि वीस डावे हात कमरेवर. जेवताना एक हात, चालताना एक हात, तोंड धुताना एक हात. वॉर्डाबाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रुग्णाचा सन्मान हेच आमचे ब्रीद'. त्या पाटीखालून ही सन्मानित मंडळी पायजमा धरून संडासाला जात.

बाईही त्यातलीच, हे सांगितलं पाहिजे. नाड्या तीच ओढून काढायची आणि डब्यात टाकायची. पहिल्या आठवड्यात तिला ते दृश्य खटकलं. महिन्याभरात ती सरावली आणि वर्षभरात तिला ते दिसेनासं झालं.

श्रावण सरता सरता इंझोरीचा नथ्थू आला. छप्पन्न वर्षांचा माळी, दीड एकरात मेथी, कोथिंबीर, वांगी. तीन आठवडे तो झोपला नव्हता. आपल्या विहिरीत कोणी तरी औषध कालवलं आहे, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. त्यानं विहिरीवरची स्वतःचीच मोटार फोडली आणि बायकोला पाण्याचा थेंब पिऊ देईना. ती रत्नमाला, मेथीच्या जुडीसारखी बारीक बाई, दोघा पुतण्यांच्या मदतीनं त्याला घेऊन आली. पंचफुलाबाईनं नियमाप्रमाणं त्याचे कपडे बदलले, नाडी काढली आणि कात्री घेऊन कमरेचा काळा करदोडा तोडला. तेव्हा इतका वेळ आरडाओरडा करणारा तो माणूस त्या तुटलेल्या दोऱ्याकडं बघू लागला.

"मेल्यावर तोडतेत करदोडा," तो म्हणाला. "मी मेलो का बाई?"

"नाई भाऊ, नियम हाय," बाई म्हणाली.

त्याला सहा नंबरची खाट मिळाली. औषधानं आपलं काम चोख केलं. दहा दिवसांत झोप लागली, तीन आठवड्यांत विहिरीचा विषय निघेनासा झाला. चौथ्या आठवड्यात नथ्थू बाईला सांगू लागला, की दवाखान्याच्या जेवणातली मेथी जून असते आणि ती देठासकट शिजवणाऱ्याला एकदा त्याच्या मळ्यात पाठवून द्या. असलं बोलणारा माणूस बरा झालेला असतो. बाईला ते कळलं, शेजारच्या सात नंबरच्या सेवालाललाही कळलं. सेवालाल तर स्वतः आपण कलेक्टर आहोत असं समजत होता. कळलं नाही ते फक्त वरच्यांना.

कारण वरच्यांची एक तपासणी असे. दर सोमवारी मोठे डॉक्टर राउंडला येत, मागं नर्सिंगच्या आठ-दहा पोरी वह्या घेऊन. डॉक्टर रुग्णाला सांगत, दोन्ही हात समोर पसरा. गोळ्यांनी हात थरथरतात का ते बघायचं असे. आदर्श सरांनी त्यात आपली भर घातली होती. हात वर करा, टाळी वाजवा, नाकाला बोट लावा. प्रत्येक आज्ञेला गुण. दहापैकी सहा मिळाले तर 'सहकार्य करतो', आणि मगच घरी जायची सुट्टी. बाकीचे रुग्ण गोळ्यांच्या गुंगीत असत, किंवा पायजमा गुडघ्यांत दाबून एक हात पटकन वर करून खाली घेत, आणि सर समजूतदारपणे अर्धा गुण देत. नथ्थूला हे जमेना. तीन सोमवार त्यानं उजवा हात पसरला आणि डावा कमरेवर ठेवला, तोंडातून शब्द नाही. तीन सोमवार त्याला दहापैकी दोन.

चौथ्या सोमवारी डॉक्टर वैतागले. "दोन्ही हात, दोन्ही! ऐकू येतं ना?"

नथ्थू खाली बघत उभा राहिला. तेव्हा ड्युटीवरचा हरीओम ब्रदर पुढं झाला. हरीओम वाईट माणूस नव्हता. तो वाईट व्हायचेही कष्ट न घेणारा माणूस होता. त्यानं नथ्थूचा डावा हात धरून वर ओढला. नथ्थूनं त्याला ढकललं. हरीओम मागच्या टेबलावर आपटला आणि ट्रे खाली पडला. मग काय विचारता! चारही बाजूंनी माणसं धावली. 'आक्रमक, आक्रमक' असं आदर्श सर फळी छातीशी धरून दारातून ओरडत होते, आणि बाईलाही हाक आली, "मावशी, धरा!" तिनं धरलं. दोन मिनिटांत नथ्थू खाटेवर उताणा होता, मनगटांना आणि घोट्यांना रुंद पट्टे बांधलेले.

धडपडीत पायजमा गुडघ्यांपर्यंत खाली आला होता. आता दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना बांधलेले. नर्सिंगच्या पोरींनी माना फिरवल्या. डॉक्टर कागदावर लिहीत होते, सर कागदाकडं बघत होते. नथ्थूनं डोळे घट्ट मिटले. पंचफुलाबाईनं शेजारच्या खाटेवरची चादर ओढली आणि त्याच्या अंगावर टाकली.

"गोळी वाढवा," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या सोमवारपर्यंत सुधारणा नसेल तर मोठ्या मनोरुग्णालयात पाठवून देऊ. तिथं सहा महिने, वर्ष, काय लागेल ते लागेल."

राउंड पुढं गेला. बांधण्याचेही नियम भिंतीवर होते, आणि नियम चांगले होते. दर पंधरा मिनिटांनी माणसाला बघा, पाणी विचारा, हातापायांचा रंग बघा, दोन तासांच्या आत सोडा. हरीओमनं खुर्ची ओढली, तक्ता घेतला आणि दोन तासांच्या आठही ओळी एका बैठकीत भरून टाकल्या. 'रुग्ण शांत. पाणी दिले.' आठ वेळा. मग तो चहाला गेला. अकरा वाजता दुपारी एकपर्यंतचं भविष्य लिहून ठेवणारा हा ज्योतिषी दवाखान्यात महिना चौदा हजारांवर का राबत होता, हे बाईला कधी कळलं नाही.

पाणी तिनं दिलं. वाटीनं, मान उचलून. आणि मग विचारलं.

"काहून हात उचलला नाई, भाऊ? येवढं काय जड होतं त्यात?"

नथ्थूनं डोळे उघडले. तो रागावला नव्हता. ती काही तरी मुद्दाम मूर्खपणाचं विचारते आहे असं त्याला वाटलं असावं.

"पायजमा कोन धरीन, बाई?" तो म्हणाला. "समोर पोरी उभ्या होत्या. माह्या पुतणीच्या वयाच्या."

पंचफुलाबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. दोन वर्षं तिनं या वॉर्डात रोज नाड्या ओढल्या होत्या. आदर्श सरांना डोळे नाहीत असं ती जगाला सांगत फिरत होती, आणि तिचे डोळे कुठं होते? तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती उठून मोरीवर गेली आणि वाटी दोनदा घासून आली.

आधी तिनं सरळ मार्ग धरला. हरीओमला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तो येडा हाय. येड्याले कायची लाज?" बाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो दिवसभर दुसऱ्या दारानं ये-जा करत राहिला. मग बुधवारी ती आदर्श सरांच्या केबिनीत गेली.

"सर, थो माणूस बरा हाय. त्याचा पायजमा घसरते म्हनून थो हात सोडत नाई. कमरेत इलॅस्टिक टाकून द्या, नाडी नको. चांगलं शिवलं तं निघत नाई."

सरांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. ऐकण्याचंही त्यांनी प्रशिक्षण घेतलेलं होतं. "मावशी, तुमची तळमळ मला कळते. पण इलॅस्टिक म्हणजे शेवटी ताणली जाणारी नाडीच ना? जोखीम आहे. तुम्ही लेखी प्रस्ताव द्या. समितीपुढं ठेवू."

"समिती कधी बसते?"

"दर तिमाहीला. मागची झाली गेल्या आठवड्यात." आणि मग, कागदांवरून मान न उचलता, "आणखी काही अडचण?"

बाई पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच हिशोब होता. सोमवारला पाच दिवस. तिमाहीला तीन महिने. तेवढ्यात नथ्थू कुठल्या तरी लांबच्या दवाखान्यात, कुठल्या तरी दुसऱ्या पायजम्यात एक हात अडकवून बसलेला असेल, आणि तिथलाही कोणी आदर्श त्याला दहापैकी दोन देत असेल.

दुसऱ्या दिवशी त्याला न्हाऊ घालताना तिनं पंजा फैलावून त्याच्या कमरेभोवती माप घेतलं. चार वीत. आंघोळीनंतर त्याला धुतलेला पायजमा दिला आणि जुना जेवणाच्या डब्याखाली पिशवीत घालून घरी नेला. दवाखान्याचा कपडा बाहेर नेणं म्हणजे चोरी, आणि ठेकेदाराला कामावरून काढायला तेवढं निमित्त पुरे होतं. चौदा वर्षांत तिनं तिथून कापसाचा बोळाही आणला नव्हता.

जानरावनं पायजमा उलटासुलटा करून पाहिला. "कोन शिवला हा? कोन्या हत्तीसाठी?"

"बोलत बसू नको. चार वीत कर. पोरायच्या हाफपँटीले लावते थेच इलॅस्टिक लाव."

"एक शिलाई मारू का दोन?"

"चार. आरपार. दातानं ओढलं तरी निघालं नाई पायजे. येक धागा जरी लोंबला न, तं मले झोप येनार नाई."

हेच ते सुरक्षेचं काम, ज्यासाठी समिती बसणार होती. जानरावला वीस मिनिटं लागली. शिवून झाल्यावर बाईनं तो पायजमा दारात उभं राहून दोन्ही हातांनी ओढला, दातांनी ओढला, नखांनी शिलाई उकलायचा प्रयत्न केला. इलॅस्टिक हललं नाही. जानराव मशीनवर हनुवटी टेकून बायकोचा हा अवतार पाहत राहिला आणि त्यानं एकही थट्टा केली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं फार कमी वेळा झालं होतं.

शनिवारी नथ्थूच्या अंगावर तो पायजमा आला. कोणाला कळलं नाही. कळायला कोणी तरी रुग्णाकडं बघायला हवं होतं. नथ्थूनं मात्र पायजमा चढवला, एक बोट कमरेत घालून पाहिलं आणि बाईकडं पाहिलं. बाई सेवालालला भात भरवत होती. "सोमवारी दोन्ही हात सोडा, भाऊ," ती भाताकडं बघत म्हणाली. "पडत नाई थो. माह्या मालकानं शिवला हाय."

सोमवार आला. डॉक्टर, सर, फळी, पोरी. हरीओम जरा लांबच उभा होता. बाई खाटेच्या पायथ्याशी चादरीची घडी करत होती, त्याच चादरीची, चौथ्यांदा.

"हात पसरा."

नथ्थूनं उजवा हात पसरला. डावा कमरेवरच. डॉक्टरांनी लेखणी उचलली. पट्टे पुन्हा त्याच खाटेखाली ठेवलेले बाईला दिसत होते. "सोडा ना, भाऊ," ती अगदी हळू म्हणाली.

नथ्थूनं डावा हात कमरेपासून बोटभर दूर केला आणि थांबला. मग आणखी थोडा. मग दोन्ही हात त्यानं समोर पसरले, आणि पायजमा जिथं होता तिथंच राहिला. सरांनी सांगायच्या आधीच त्यानं हात वर केले, टाळी वाजवली, नाकाला बोट लावलं. मग पुन्हा एकदा टाळी वाजवली, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"हं," डॉक्टर म्हणाले. ते पोरींकडं वळले. "पाहिलंत? गोळी वाढवली, सात दिवसांत फरक. लिहून घ्या."

पोरींनी लिहून घेतलं. वाढवलेली ती गोळी दवाखान्यात गुरुवारीच संपली होती आणि तेव्हापासून नथ्थूला आधीचाच डोस चालू होता, हे हरीओमला ठाऊक होतं. हरीओमनं छताकडं पाहिलं. आदर्श सर तर फुलून गेले होते. दहापैकी दहा! या तपासणीत असे गुण कोणी मिळवले नव्हते. त्यांनी नथ्थूच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला, दवाखान्याच्या फलकावर 'सुरक्षेतून सुधारणा' या मथळ्याखाली लावायला. फोटोत पायजमा पूर्ण आला आहे. कमरेवरच्या चार शिलाया नीट पाहिल्या तर दिसतातही.

बाईला हसू आलं नाही. कोणाचं श्रेय कोणी पळवलं याचं तिला काहीच वाटलं नाही. असल्या माणसांनी तिला शाबासकी दिली असती तर तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं असतं. नथ्थूच्या कागदावर सही झाली, तेवढं तिनं पाहिलं.

दुपारी रत्नमाला आली. पिशवीत नवऱ्याची धुतलेली पँट, चामड्याचा पट्टा, सदरा, आणि कागदाच्या पुडीत नवा काळा करदोडा. पडद्याआड तिनं स्वतः तो त्याच्या कमरेला बांधला. बांधून झाल्यावर तिनं कपाळ क्षणभर त्याच्या पाठीला टेकवलं. पंचफुलाबाई पडदा धरून बाहेर उभी होती. नथ्थूनं काढलेला पायजमा तिनं उचलला, त्याची घडी केली आणि तो धुण्याच्या ढिगात टाकला नाही. सात नंबरच्या सेवालालची तपासणी पुढच्या सोमवारी होती. तो कमरेनं थोडा जाड होता, पण इलॅस्टिकला चालून जाईल.

ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. कामाच्या वेळात तिनं असं कोणासाठी केलं नव्हतं. रत्नमालानं भाजीची एक पिशवी तिच्यापुढं केली. "घ्या बाई. वांगी हायेत. हे म्हनतेत, तुमी लई केलं."

"मी कायचं केलं? नेम पाळले," बाई म्हणाली, पण वांगी घेतली.

रिक्षा आली. रत्नमालाच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, खाली आणखी एक होती. "अहो, ते गाठोडं उचला. दोन्ही हातानं उचला, जड हाय," ती म्हणाली. नथ्थू वाकला आणि त्यानं ते जड गाठोडं उजव्या हातानं, ओढत ओढत, रिक्षात चढवलं. डावा हात कमरेवर होता. कमरेला नवा करदोडा होता, त्यावर पँट होती, पँटवर चामड्याचा पट्टा चौथ्या भोकात आवळलेला होता.

"सोडा ना हात, भाऊ!" पंचफुलाबाई ओरडली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "पट्टा हाय आता! सोडा थो हात!"

नथ्थूनं खाली पाहिलं. हात आपला नसल्यासारखा पाहिला. मग तो ओशाळून हसला, रिक्षात बसला आणि रिक्षा वळताना मान बाहेर काढून त्यानं बाईला रामराम केला. एकाच हातानं.